नाळ सोडा, धार धरा: हिवाळी हिमालयात हिमस्खलनाचा धोका कसा जोखायचा

सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरला एक सवय असते. समोर कडा आला की नजर आपोआप नाळ शोधायला लागते. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट घ्या, बोराट्याची नाळ घ्या किंवा सिंगापूरची नाळ. दोन्ही बाजूंना कातळ, मधून दगडधोंड्यांची चढण आणि वर खिंड. आपल्या डोंगरात वर जायची ही पिढ्यान्‌पिढ्या वापरातली वाट आहे. हिवाळ्यातल्या हिमालयात मात्र हीच सवय जिवावर बेतते. वरच्या उतारांवरून सुटलेला बर्फ अशाच घळीतून खाली येतो आणि घळीच्या तळाशीच खोल साचतो. सह्याद्रीतून बर्फात जाणाऱ्याने सगळ्यात आधी हे मनात उलटं करून घ्यावं: बर्फात नाळ सोडायची आणि धार धरायची.

केदारकांठा, ब्रह्मताल, क्वारी पास असे हिवाळी ट्रेक करून आता स्वतः वाट ठरवावीशी वाटणाऱ्यांसाठी हा लेख आहे. गुलमर्गला स्की शिकून आखलेल्या भागाबाहेर जायची ओढ लागलेल्यांसाठीही आहे. लेख वाचून कुणी जाणकार होणार नाही. त्यासाठी बर्फात उभं राहून, शिकवणाऱ्याबरोबर हात थंड करून घ्यावे लागतात. मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था, उत्तरकाशीचं नेहरू पर्वतारोहण संस्थान, पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट, गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग ही त्यासाठीची ठिकाणं आहेत. तिथे जाण्याआधी काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने बघायचं, एवढं कळलं तर शिकणं लवकर मुरतं.

नेमकं काय सुटतं

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वरून कोसळणारा पांढरा लोट असतो. माणसं मारणारी हिमस्खलनं बहुधा वेगळी असतात. उतारावरचा बर्फ एकसंध नसतो, तो थरांचा असतो. प्रत्येक बर्फवृष्टी, प्रत्येक वारा, प्रत्येक उन्हाचा दिवस आपला एक थर मागे ठेवून जातो. एखादा घट्ट थर एखाद्या कमकुवत थरावर बसलेला असतो, जाड रव्यावर अंथरलेल्या शहाबादी फरशीसारखा. माणसाचं वजन पडलं की खालचा कमकुवत थर एका ठिकाणी मोडतो, तो मोड क्षणात दूरवर धावतो आणि वरची अख्खी स्लॅब तुटून घसरायला लागते. आपण तेव्हा तिच्या काठावर नसतो, मधोमध असतो. म्हणून निसटणं कठीण जातं.

युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी सांगतात की अशा दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत स्लॅब सुटते ती सापडलेल्या माणसामुळे किंवा त्याच्याच गटातल्या कुणामुळे. म्हणजे धोका टाळणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, आणि पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पहिली पायरी: घरी, नकाशावर

बर्फाचा अभ्यास बर्फावर सुरू होत नाही, उताराच्या कोनापासून सुरू होतो. स्लॅब हिमस्खलनं बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि सर्वाधिक ३८ अंशांच्या आसपास. २५ अंशांखाली ती क्वचितच सुटतात. ५५-६० अंशांच्या वर बर्फ टिकून साचतच नाही, पडता पडताच थोडा थोडा ओघळून जातो. वाईट योगायोग असा की चढायला आणि स्की करायला मजा येते तो उतार नेमका ३० ते ४५ मध्येच मोडतो.

कोन नकाशावरून काढता येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर डोंगराळ भागात समोच्च रेषांमधलं अंतर सहसा ४० मीटर उंचीचं असतं. नकाशाच्या समासात ते लिहिलेलं असतं, तपासून घ्या. ३० अंशांच्या उतारावर ४० मीटर चढायला आडवं अंतर जवळपास ७० मीटर लागतं, म्हणजे नकाशावर सुमारे १.४ मिलिमीटर. इतकं बारीक मोजता येत नाही, म्हणून पाच टप्पे एकदम मोजा. लागोपाठच्या सहा रेषा ७ मिलिमीटर किंवा त्याहून कमी जागेत दाटल्या असतील तर तो उतार ३० अंश किंवा त्याहून तीव्र आहे. ही पट्टी वाटेच्या डावीउजवीकडे आणि विशेषतः वरच्या बाजूला फिरवा. असा प्रत्येक भाग लाल पेन्सिलीने रंगवा. आता उताराच्या कोनानुसार रंग दाखवणारी ॲप्स आहेत आणि मी ती वापरते, पण पेन्सिलीने एकदा तरी करा. हाताने रंगवलेला डोंगर लक्षात राहतो.

यात एक उणीव आहे. ४० मीटरपेक्षा लहान चढउतार या नकाशाला दिसतच नाहीत. सलग सौम्य वाटणाऱ्या उतारात २० मीटर उंचीचा ३५ अंशांचा उभार दडलेला असू शकतो, आणि माणूस गाडायला तेवढा पुरतो. त्यामुळे जागेवर पुन्हा मोजायचं. फोनमधलं किंवा होकायंत्रातलं क्लायनोमीटर, म्हणजे उताराचा कोन मोजणारं साधन, असेल तर उत्तम. नसेल तर सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी दाबून तिचा ठसा उमटवा. ती उचलून ठशाच्या खालच्या टोकाशी उभी, अगदी सरळ धरा. दुसरी काठी तिच्या माथ्यापासून वरच्या उताराकडे टेकवा. ती ठशाच्या वरच्या टोकावर नेमकी पोचली तर उतार ३० अंशांचा. ठशाच्या पलीकडे, आणखी वर टेकली तर ३० पेक्षा जास्त. हे मोजायला सौम्य जागाच निवडा. संशयित उताराच्या मध्यात जाऊन मोजू नये.

कोनानंतर तीन गोष्टी बघा. उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे? खाली काय आहे? आणि वर काय आहे?

‘खाली काय’ हा प्रश्न नवखे विसरतात. लहानसं स्खलनही माणसाला कड्यावरून ढकलत असेल, झाडांवर आपटत असेल किंवा अरुंद ओढ्यात नेऊन पुरत असेल तर ते मोठ्या स्खलनाइतकंच घातक. नाळ या यादीत सगळ्यात वर. तिथे थोडाच बर्फ आला तरी तो पसरत नाही, खोल साचतो.

‘वर काय’ हा प्रश्न सपाटीवर चालतानाही विचारायचा, कारण मोठं स्खलन दरीच्या तळापर्यंत येऊन पलीकडेही सरकतं. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर बर्फ आला. ५४ जण सापडले, ४६ वाचले, ८ गेले. ती माणसं कुठलाही उतार चढत नव्हती, कंटेनरच्या निवाऱ्यांत होती. तंबू लावायच्या आधी मान वर करून बघा. वरच्या जंगलात सरळ खाली आलेला मोकळा पट्टा, एकाच बाजूच्या फांद्या तुटलेली झाडं, खाली वाकलेले भूर्ज, ओंडक्यांचा ढीग यांतलं काहीही दिसलं तर तिथे पूर्वी बर्फ आलेला आहे आणि पुन्हा येईल.

दुसरी पायरी: त्या हिवाळ्याची कुंडली

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो पुण्यामुंबईत बसूनही करता येतो.

पश्चिम हिमालयातला हिवाळी बर्फ मुख्यतः डिसेंबर ते मार्च पश्चिमी झंझावातांबरोबर येतो. पण सगळीकडे तो सारखा वागत नाही. पीर पंजालमध्ये, म्हणजे गुलमर्ग किंवा सोलंग-धुंदीच्या बाजूला, बर्फ भरपूर पडतो आणि हवा तुलनेने उबदार असते. तिथे मोठी वादळं आणि त्यांच्यानंतरचे दोन-तीन दिवस हा मुख्य धोका. पीर पंजाल ओलांडून लाहौल, स्पिती, लडाखकडे गेलं की बर्फ कमी आणि थंडी कडक. कमी बर्फ म्हणजे कमी धोका, असं आपल्याला सहज वाटतं. प्रत्यक्षात पातळ आणि थंड बर्फ फार काळ दगाबाज राहतो.

कारण असं. जमिनीलगतचा बर्फ बहुधा शून्य अंशाच्या आसपास असतो. पृष्ठभाग रात्री उणे १५ झाला असं धरा. बर्फ दीड मीटर जाड असेल तर दर १० सेंटिमीटरला फरक एक अंशाचा. तोच बर्फ ५० सेंटिमीटर जाड असेल तर दर १० सेंटिमीटरला तीन अंशांचा. हा फरक साधारण एका अंशाच्या वर गेला की खालून वर जाणारी वाफ बर्फाच्या कणांचे जोड सोडवते आणि त्यांचे टोकदार, मोठे, सुटे दाणे करते. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एखादी बर्फवृष्टी झाली, मग तीन आठवडे आकाश निरभ्र राहिलं, की उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर तळाशी असा थर तयार होतो. जानेवारीत त्यावर मीटरभर बर्फ पडला की तोच थर सगळा भार पेलत असतो. तो आठवडेच्या आठवडे तसा राहू शकतो, आणि वरून काहीही दिसत नाही.

निरभ्र, शांत, थंड रात्री पृष्ठभागावरही हवेतली वाफ थेट गोठून पातळ, चमकदार, उभे स्फटिक वाढतात. सकाळच्या उन्हात ते इतके देखणे दिसतात की सगळे फोटो काढतात. फोटो जरूर काढा, आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या बर्फवृष्टीत ते गाडले गेले की तोच घसरडा थर होणार आहे.

तर ट्रेकच्या महिनाभर आधीपासून वही ठेवा. पहिला बर्फ कधी पडला, मग किती दिवस कोरडे गेले, मोठ्या बर्फवृष्टी कोणत्या तारखांना झाल्या, मधे पाऊस किंवा उबदार दिवस होते का. हवामान खात्याच्या श्रीनगर, शिमला आणि देहरादून केंद्रांचे अंदाज रोज मिळतात. मुक्कामाच्या गावातल्या होमस्टेवाल्याला फोन केला तर त्याहून जास्त कळतं. ‘भैया, इस साल पहली बर्फ कब गिरी? उसके बाद धूप रही या फिर गिरी?’ एवढे दोनच प्रश्न विचारा. तो माणूस रोज त्याच डोंगराकडे बघत असतो.

तिसरी पायरी: गेले तीन दिवस

डीआरडीओची डीजीआरई ही प्रयोगशाळा हिमस्खलनाचा इशारा देते. १९६९ मध्ये मनालीला सुरू झालेली ‘सासे’ ही संस्था २०२० मध्ये हिच्यात विलीन झाली. इशारा जिल्हावार असतो: अमुक जिल्ह्यात, अमुक उंचीच्या वर, धोक्याची पातळी अमुक. तो वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो पूर्ण जिल्ह्याचा असतो, तुमच्या उताराचा नाही. आणि आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर पाचपैकी तिसरी पातळी म्हणजे ‘मधली, म्हणून ठीकठाक’ असं अजिबात नाही. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, प्रत्येक पातळीला धोका आधीपेक्षा झपाट्याने वाढतो. आल्प्समध्ये सर्वाधिक बळी तिसऱ्या पातळीच्या दिवशीच जातात, कारण चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घरी बसतात आणि तिसरीला बाहेर पडतात.

मग हवामान. २४ तासांत ३० सेंटिमीटर किंवा जास्त नवा बर्फ पडला असेल तर तीव्र उतार विसरा. तासाला दोन-तीन सेंटिमीटरने पडत असेल तर आणखी वाईट, कारण खालच्या थराला भार पचवायला वेळच मिळत नाही. बर्फावर पाऊस पडला तर धोका लगेच वाढतो. तापमान झपकन चढलं तरी तेच.

आणि वारा. बर्फ न पडताही वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेच्या आडोशाच्या बाजूला टाकतो, आणि पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने टाकतो. आकाश निळं, ऊन स्वच्छ, आणि धारेवरून पांढरा धुरळा उडतोय असं दृश्य दिसलं तर समजा की पलीकडच्या उतारावर या क्षणी स्लॅब तयार होतेय. आपल्याकडे वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून येतात, म्हणून पूर्व आणि ईशान्येकडचे उतार जास्त भरतात. पण दऱ्याखोऱ्यांत वारा वळतो, तेव्हा प्रत्यक्ष खुणा बघून ठरवा.

चौथी पायरी: चालता चालता वाचणं

डोंगर स्वतःहून बरंच सांगतो. ऐकायला कान मात्र मोकळे हवेत, इअरफोन तंबूत राहू द्या.

शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं तर याहून स्पष्ट इशारा नाही. त्याच दिशेचा, त्याच उंचीचा, त्याच कोनाचा तुमचा उतारही तसाच आहे असं धरून चाला. पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला आणि बर्फ किंचित बसल्यासारखा वाटला, तर कमकुवत थर तुमच्या वजनाने कोसळला आहे. तुम्ही सपाटीवर होतात म्हणून वाचलात, उतारावर असता तर तो सुटला असता. पावलापासून किंवा स्कीच्या टोकापासून चिरा पळताना दिसल्या तरी तेच. या तिघांपैकी एकही गोष्ट घडली की त्या दिवसाचा बेत बदलायचा. इथे चर्चा नको, मतदान नको.

वाऱ्याच्या खुणा जास्त बारकाईने बघाव्या लागतात. धारेवर बर्फाचा छज्जा ज्या बाजूला लोंबतो ती आडोशाची, भरलेली बाजू. छज्ज्याच्या वरून चालताना कडेपासून भरपूर आत राहा, तो वाटतो त्यापेक्षा मागून तुटतो. आडोशाच्या बाजूला पृष्ठभाग गुळगुळीत, फुगीर, मंद चमकीचा असतो आणि काठी मारली की पोकळ आवाज येतो. तिथे जपून.

चालताना काठी उलटी धरून मधूनमधून बर्फात खुपसत राहा. वर घट्ट आणि मग एकदम हलकी आत गेली तर खाली मऊ थर आहे. दहा पावलांवर पुन्हा करा. लहानसा, दोन-तीन मीटर उंचीचा, खाली काही धोका नसलेला तीव्र उंचवटा सापडला तर त्याच्या माथ्यावर उड्या मारून बघा. सोबत्यांना बाजूला उभं करा. एकाच खड्ड्यापेक्षा वाटेतल्या अशा पंचवीस लहान चौकशा मला जास्त विश्वासाच्या वाटतात.

पाचवी पायरी: खड्डा

खड्डा खणणं हा या विद्येचा प्रसिद्ध भाग आहे, आणि नवख्यांना तोच सगळ्यात आवडतो. शिकाच. थर डोळ्यांनी बघितल्याशिवाय वर लिहिलेलं काही मनात बसत नाही.

जागा अशी निवडा की दिशा, उंची आणि शक्यतो कोन तुमच्या इच्छित उतारासारखा असेल, पण वर मोठा उतार लोंबत नसेल आणि पाय घसरला तर खाली काही वाईट वाट बघत नसेल. झाडांजवळ, जुन्या पावलांवर, वाऱ्याने साचलेल्या ढिगात खणू नका. साधारण सव्वा ते दीड मीटर खोल जा. उताराकडची भिंत फावड्याने उभी, गुळगुळीत तासा.

आधी हाताने वाचा. वरून खाली भिंतीत हलकेच दाबत या. मूठ आत जाते तो सगळ्यात मऊ थर. मग चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, मग फक्त चाकू, असा कठीणपणा वाढत जातो. घट्ट थराखाली एकदम मूठ गेली तर तिथे थांबा, तेच बघायला आपण खणलं. तिथले दाणे काढून गडद हातमोज्यावर घ्या. मोठे, टोकदार, चकाकणारे, एकमेकांना न चिकटणारे असतील तर हिवाळ्याच्या सुरुवातीची ती कुंडली खरी ठरली.

मग एक चाचणी. उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने ३० सेंटिमीटर खोल असा बर्फाचा खांब चारही बाजूंनी सुटा करा. मागची बाजू गाठी मारलेल्या दोरीने करवतासारखी कापावी लागते. खांबाच्या एका टोकावर फावडं पालथं ठेवा. त्यावर दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. एखाद्या थापेला चीर पडली आणि त्याच किंवा पुढच्याच थापेला ती पूर्ण ९० सेंटिमीटर पलीकडे धावली, तर या बर्फात मोड पसरू शकतो. चीर फावड्याखालीच थांबली तर ते तुलनेने बरं लक्षण. कमकुवत थर मीटरभराहून खोल असेल तर ही चाचणी त्याच्याबद्दल फारसं सांगू शकत नाही.

आता निकालाचं काय करायचं. खड्डा वाईट निघाला तर मागे फिरा. खड्डा चांगला निघाला म्हणून पुढे जायची परवानगी मिळाली असं मात्र समजू नका. तुम्ही एका मोठ्या उताराचा जेमतेम मीटरभर भाग पाहिलात. २० मीटर पलीकडे खडकाच्या भोवती बर्फ पातळ असेल आणि तिथला थर वेगळा असेल. नवख्याने खड्ड्याचा उपयोग फक्त ‘नको’ म्हणण्यासाठी करावा, यावर मी ठाम आहे. ‘हो’ म्हणायचा अधिकार उताराच्या कोनाचा. पहिले दोन-तीन हिवाळे वाट ३० अंशांच्या आत ठेवा, वरून तीव्र उतार लोंबत नसेल अशी ठेवा, आणि तीव्र उतारांचा अभ्यास त्यांच्यावर पाय न ठेवता करा. ३० अंशांखालीही हिमालय अफाट सुंदर आणि दमवणारा आहे.

सहावी पायरी: माणसं

आपल्याकडे एक अडचण फार खरी आहे. रजा मोजून मिळते, रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी काढलेलं असतं, पैसे भरलेले असतात, आणि माथा समोर दिसत असतो. बर्फाला यातलं काही माहीत नसतं. म्हणून मागे फिरायच्या अटी आदल्या संध्याकाळी, तंबूत, पोट भरलेलं असताना ठरवा आणि मोठ्याने बोला: ‘रात्रीत ३० सेंटिमीटर पडला तर निघायचं नाही. धप्प आवाज आला तर परत. बारा वाजता जिथे असू तिथून मागे.’ गटातल्या सगळ्यात नवख्या मुलीनेही ‘मला हे ठीक वाटत नाही’ म्हटलं तर थांबायचं, हेही तेव्हाच ठरवा.

पुढे गेलेल्यांची पावलं हा पुरावा नाही. पाचव्या किंवा पंधराव्या माणसाखालीही उतार सुटतो. गुलमर्गच्या गोंडोलाने सुमारे ३,९५० मीटरवर अफरवटला उतरलं की हा मोह सगळ्यात जास्त होतो. मधल्या बाउलची, म्हणजे खोलगट उताराची, काळजी तिथली स्की पेट्रोल ही गस्ती तुकडी घेते, स्फोट करून बर्फ आधीच पाडते. दोरीपलीकडे मात्र ती हमी नसते आणि पलीकडे स्कीच्या रेषा तर दिसत असतात. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीयर्स हिमस्खलनात मेले ते अशाच आखलेल्या भागाबाहेर.

अनुभवही ढाल होत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर नेहरू पर्वतारोहण संस्थानच्या तुकडीवर हिमस्खलन झालं आणि २९ जण गेले. त्यात शिकणारे होते तसे शिकवणारेही होते. महिना ऑक्टोबरचा होता हेही लक्षात ठेवा, हिवाळा अजून लागलाही नव्हता.

संशयित उतार ओलांडावाच लागला तर एका वेळी एकच जण. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून, म्हणजे धारेवरून किंवा दाट झाडीतून, त्याच्यावर नजर ठेवायची. सॅकचा छातीचा पट्टा सोडा, काठ्यांच्या फितीतून मनगटं काढा. थांबून फोटो नाही.

मार्च ते मेचा बर्फ

उन्हाळ्याकडे गणित बदलतं आणि सोपंही होतं, कारण मुख्य घटक घड्याळ आहे. रात्री आकाश निरभ्र असेल तर पृष्ठभाग गोठून कडक होतो आणि पहाटे चालायला सुरेख असतो. ऊन लागलं की पाणी झिरपून थरांचे जोड सैल पडतात. आधी पूर्वेकडचे उतार, मग दक्षिणेकडचे, दुपारी पश्चिमेकडचे. पाय घोट्याच्या वर रुतायला लागले किंवा उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले की उशीर झालेला आहे. पहाटे तीन-चारला निघून दुपारपूर्वी तीव्र उतारांखालून बाहेर पडा. रात्री ढग असतील आणि बर्फ गोठलाच नसेल तर निघूच नका. फक्त ट्रेकरांनाच हे लागू आहे असं नाही. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथू ला रस्त्यावर सात पर्यटक हिमस्खलनात गेले. घरच्यांना घेऊन बर्फ बघायला जाणाऱ्यानेही गाडीतून उतरताना वर बघावं.

कुणी गाडलं गेलं तर

स्विस नोंदींनुसार पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले दहापैकी नऊ जण वाचतात. अर्ध्या तासाला हे प्रमाण तिघांत एकावर येतं. हेलिकॉप्टर दहा मिनिटांत येत नाही. वाचवणारे तुम्हीच, तिथे हजर असलेले.

त्यासाठी प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: अंगावर ४५७ किलोहर्ट्‌झचा बीकन (रेडिओ संकेत पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), सॅकमध्ये जोडता येणारी लांब शोधकाठी, आणि धातूचं फावडं. दोघांकडे असून तिसऱ्याकडे नसणं चालत नाही. ट्रेक नेणाऱ्या संस्थेला पैसे भरण्याआधी विचारा: हे साहित्य प्रत्येकाला मिळेल का? गाइडने हिमस्खलनातून बचावाचा सराव केला आहे का? मागे फिरायचा निर्णय कोण घेतं? उत्तर देताना समोरचा घुटमळला तर दुसरी संस्था बघा. फोन बीकनपासून निदान २० सेंटिमीटर दूर ठेवा, शोधताना ५०.

आपण स्वतः सापडलो तर ओरडा, बाजूला निसटायचा प्रयत्न करा, काठ्या सोडा, वर राहण्यासाठी झगडा. वेग मंदावताना हात तोंडासमोर आणून श्वासापुरती जागा करा, कारण थांबलेला बर्फ क्षणात आवळतो.

सोबती सापडला तर तो शेवटचा कुठे दिसला ती जागा नजरेने पक्की करा. आणखी बर्फ येण्यासारखा आहे का, ते बघा. डोकी मोजा. सगळ्यांचे बीकन शोधावर टाका, कारण एकाचा जरी पाठवण्यावर राहिला तरी सगळे त्याच्याकडेच धावतील. बाहेर दिसणारा हातमोजा, काठी, स्की आधी ओढून बघा. संकेत मिळाला की बीकनच्या पडद्यावरच्या बाणामागे जा. तिथला अंतराचा आकडा दहाच्या खाली आला की वेग कमी करा, तीनच्या खाली आला की बीकन बर्फाला टेकवून उभं-आडवं फिरवा आणि सगळ्यात लहान आकड्याला खूण करा. तिथून शोधकाठी पृष्ठभागाला काटकोनात, २५-२५ सेंटिमीटरवर, गोल वाढवत खुपसा. लागली की ती काढू नका. खणायला उताराच्या खालच्या बाजूने, खोलीच्या दीडपट अंतरावरून सुरुवात करा आणि आडवे आत जा. सरळ खाली खणलं तर माणसाच्या अंगावरच उभे राहाल आणि बर्फ टाकायला जागा उरणार नाही. एक जण पुढे तोडतो, बाकीचे मागे बर्फ ओढतात, दर मिनिटाला पुढचा बदलतो. चेहरा आधी, तोंडातला बर्फ काढा, छाती मोकळी करा, श्वास नसेल तर तिथेच कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब सुरू करा. बाकीचं शरीर नंतर.

हा सराव निघायच्या आधीच्या आठवड्यात करून जा. पुण्यात बर्फ नाही, पण टेकडीवर पाचोळ्याखाली किंवा नदीकाठच्या वाळूत पिशवीत घातलेला बीकन पुरून तो शोधता येतो, आणि कोण किती वेळ लावतं ते घड्याळ लावून बघता येतं. थंडीचे हातमोजे घालून करा.

आणि डोंगरावर स्खलन दिसलं, मग कुणी सापडलं असो वा नसो, खाली आल्यावर गावात, चेकपोस्टवर, मागून येणाऱ्या गटांना सांगा: किती वाजता, साधारण किती उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारावर, किती रुंद, आणि आपोआप सुटलं की माणसामुळे.